माघातलं पाणी

मोरपिसाची काडी पाण्यावर उभी होती. तिचं टोक लाल – शेजारच्या प्राचीनं नखांना लावायच्या बाटलीतून रंगवून दिलेलं – आणि त्या लाल ठिपक्याखाली बोटाच्या पेराएवढा पांढरा देठ, आणि मग पाणी, ज्याच्या आत काय आहे ते दिसत नव्हतं. शालनबाई त्या ठिपक्याकडे इतका वेळ बघत होत्या, की मधूनच तो त्यांना पोराच्या पाटीवर आपण केलेल्या खुणेसारखा वाटायला लागे – इथं पुन्हा बघ, म्हणून केलेली खूण – आणि मग पापणी लवली की परत काडीची काडी. हलत नव्हती. हलणार नाही, असं त्यांना सांगितलंच होतं. माघ सरत आलेला. पलीकडच्या काठावर काटेसावरीला फुलं आलीत, वर ऊन चांगलं तापलंय, पण पाण्यात हात घातला की मनगटापर्यंत कळ येते. वर दिवस आणि आत अजून रात्र, असं हे पाणी.

"काडी बुडायची वाट बघू नगंस," आकाराम म्हणाले होते, कॉटवर उशीला टेकून, दाखवण्यापुरती दोरी कपडे वाळत घालायच्या काठीला बांधून. "उन्हाळ्यात बुडती. आत्ता मासा आळसावलाय. नुसतं तोंड लावून बघतोय. काडी तिळभर कलती, एवढंच. आणि कलली की लगेच हिसका मारायचा न्हाई."

"मग काय करायचं?"

"थांबायचं. तू कशी थांबतीस पोरांसाठी? उत्तर पोराच्या ओठावर आलेलं असतंय, तुला दिसत असतंय, तरी गप बसतीस. तसं."

त्या हसल्या होत्या. एवढ्या वर्षांच्या संसारात नवऱ्यानं शिकवायचं आणि आपण शिकायचं, असं कधी घडलं नव्हतं. शिकवणं हे त्यांचं काम. आधी शाळेत, आणि शाळा सुटल्यावरही – सुटल्यावर म्हणजे निवृत्त झाल्यावर – घरात. खरं तर घरातलं शिकवणंही शाळेत असल्यापासूनचंच. रोज उजाडायच्या आधी बावडा गावातली पोरं अंगात स्वेटर घालून, नाकं ओढत पडवीत येऊन बसायची, आणि दिवस वर येईपर्यंत पाढे, पावकी, निमकी… त्याचे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत, आणि पोरांनी कधी यायचं चुकवलं नाही.

दिवाळीत आकाराम न्हाणीत घसरले आणि खुब्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांनी पोरांना सांगितलं – आता नका येऊ, काकांना विसावा पाहिजे. पोरं गेली. घर इतकं शांत झालं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायला लागलं. डॉक्टर म्हणाले हाड चांगलं जुळलंय, वॉकर घेऊन चालायला लागा. आकाराम चालायचे. कॉटपासून दारापर्यंत, दारापासून कॉटपर्यंत. पण जेवणावरचं मन उडालेलं. भाकरीचा चतकोर तुकडा मोडायचे, ताट सरकवायचे. दुखतंय का, तर न्हाई. गोड करू का, तर न्हाई. मधूनच विचारायचे, "जयपालचा ऊस तुटला का गं?" नदीकडच्या रानातला तो ऊस त्यांचा नव्हता, त्यात त्यांचं काही गुंतलेलं नव्हतं. त्या म्हणायच्या, नाही अजून. ते मान हलवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे.

मग परवा म्हणाले, "माशाचं कालवण खाऊ वाटतंय."

आणते की बाजारातून, असं म्हणत त्या पिशवी शोधायला लागल्या, तर ते म्हणाले, बाजारातला नको. नदीतला. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मग शिकवा मला."

"तुला?"

"का? ढ आहे का मी?"

आकारामांनी हात वर केला होता, पोरं करतात तसा. "बाई, तुमास्नी शिकवायचं म्हंजे मला परवानगी काढाय पाहिजे." किती दिवसांनी चेष्टा केली त्यांनी! त्या दोऱ्याचा गुंता सोडवत बसल्या आणि आकाराम सांगत राहिले. सांगताना त्यांचे हात हलत होते. उद्यमनगरात लेथवर घालवलेल्या आयुष्यानं जाड झालेली ती बोटं हवेत दोरा ओवत होती, गाठ मारत होती, आणि संध्याकाळी त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली.

म्हणून त्या इथं आल्या होत्या. हातात नवऱ्याचा बांबूचा गळ, पिशवीत डब्यातली गांडुळं – काडू म्हणायचे आकाराम त्यांना – आणि बसायला गोणपाट. जयपाल पाटलांच्या मळ्यातून वाट. पाटील बांधावर उभे होते. ऊस गेलेला, सगळीकडे पाचट पसरलेलं, आणि त्या उघड्या रानात त्यांचा पांढरा शर्ट लांबूनच दिसला.

"काय बाई, आज नदीला? धुणं न्हाई, घागर न्हाई…" मग त्यांना बांबू दिसला आणि ते दोन पावलं मागं सरकले. "अरारारा! आकारामनं तुमास्नीबी लावलं व्हय नादाला?"

"त्यांना कालवण खाऊ वाटतंय हो."

"त्ये मला सांगू नगासा. आमी जैन माणसं, ऐकलं तरी पाप लागायचं." पण हसत होते. "जावा मळ्यातनं बिनधास्त. तोडकरी कालच गेलं, रान मोकळं हाय. फकस्त येताना पिशवी झाकून आणा. तुमी दाखवलं न्हाई, मी बघितलं न्हाई."

चिलापी असो की रोहू, मासा तुमच्या बांधावरून शाकाहारी होऊनच जाईल, असं काहीतरी म्हणायचं त्यांच्या मनात आलं होतं, पण तोवर पाटील मोटरीकडे वळले होते.

काडी उभीच होती.

शालनबाईंनी एक सवय आयुष्यभर पाळली होती. नवं काही शिकवलं, की दुसऱ्या दिवशी पोरांकडून ते परत म्हणून घ्यायचं, आणि प्रत्येक ठिकाणी विचारायचं – का? हातचा एक का घेतला? शून्य इथं का आलं? जे का आलं हे सांगता येत नाही, ते आलेलंच नाही. आता शिकणाऱ्या आपण, तर आपल्यालाही तोच नियम. म्हणून त्या मनातल्या मनात धडा घोकत होत्या. दोरा बारीक घ्यायचा – का? थंडीत नदीचं पाणी निवळ असतं, जाड दोरा माशाला दिसतो. गळाचा आकडा छोटा आणि काडूचा अर्धाच तुकडा – का? गार पाण्यात त्याला भूक नसते. मोठा घास बघूनच तो तोंड फिरवतो. (हे ऐकताना त्यांनी आकारामांच्या ताटाकडे बघितलं होतं, आणि आकारामांनी ते बघणं बघितलं होतं.) चारा आधी टाकायचा नाही – का? खाणं कमी असतं, पोट त्यातच भरतं. गळ डोहाच्या कडेला टाकायचा, जिथं खोल पाणी संपून खडक वर येतो – का? तो खोलात बसलेला असतो आणि ऊन पडलं की ऊब घ्यायला तेवढाच वर सरकतो. आणि सकाळी जायचं नाही…

"दहाच्या आत जाऊ नगंस. थंडीत पहाटे मासा तोंड उघडत न्हाई. किती बी बस, कायसुदिक लागत न्हाई. ऊन पाण्यावर चढू दे, मग जा."

का? – त्या स्वतःला विचारणार होत्या, आणि उत्तर तयारही होतं, पाणी गार असतं म्हणून. पण उत्तराच्या आधी दुसरंच काहीतरी वर आलं, हळूच, डोहातून बुडबुडा यावा तसं…

मग हे पहाटे का जायचे?

ऐन थंडीत जायचे. पौषात, माघात, धुकं दाराशी आलेलं असायचं, तेव्हा. अंधारात उठून, डोक्याला मफलर गुंडाळून, कोपऱ्यातला गळ उचलून – मी दिवा लावलेला असायचा, पोरं यायच्या आधी पडवी झाडायला – आणि दार ओढून घ्यायचे. दिवस वर आला की परत यायचे, अंघोळ करून कामावर. पिशवी रिकामी. "आज काय घावलं न्हाई." उन्हाळ्यात पिशवी भरलेली असायची, पावसाच्या आधी तर वाटून टाकावे लागायचे मासे. पण थंडीत कधीच नाही. आणि मी कधी विचारात पडले नाही. नाद आहे माणसाला, असं मी म्हणायचे शेजारणींना. नादाला फळ लागतंच असं नाही.

पण ज्याला माहीत आहे – इतकं पक्कं माहीत आहे, की बायकोला कॉटवरून दोन वाक्यांत सांगता येतं – तो माणूस वर्षानुवर्षं, थंडीनं बोटं आखडत असताना, मासा लागणार नाही हे ठाऊक असून पहाटे नदीवर येऊन बसतो…

शालनबाईंनी गळ दुसऱ्या हातात घेतला. काडीभोवती बारीक वर्तुळं उठली, ती त्यांच्याच हाताची. त्यांनी बांबू गुडघ्यावर टेकवला. वर्तुळं विरली.

शिकवताना माणूस उघडं पडतं. हे त्यांना माहीत होतं. घरात काय बोललं जातं ते पोरं गणितं सांगताना सांगून जातात. आणि आपणही काय काय सांगून गेलो असू त्या पोरांना, कुणाला माहीत. आकाराम शिकवत होते, मन लावून शिकवत होते, आणि शिकवता शिकवता त्यांच्या हातून ते सुटलं. त्यांच्या लक्षातही आलं नसेल. की आलं असेल?

खूप वर्षांपूर्वीच्या एका थंडीत, मूल व्हावं म्हणून मिरजेच्या डॉक्टरांकडे जाणं दोघांनी थांबवलं होतं. थांबवूया, असं दोघंही म्हणाली नव्हती. एका महिन्यात जायचं राहिलं, मग पुढच्या. आणि मग पडवीत पोरं यायला लागली. आधी गल्लीतली दोन, मग सगळी. दिवसभर लेथचा आवाज डोक्यात घेऊन आलेला माणूस, त्याला सकाळीही तेच. एकदा, एकदाच, अंथरुणातून आकाराम म्हणाले होते, "किती आवाज करत्यात गं ही." रागानं नाही. झोपेतलं बोलणं. आणि त्या – दारात उभ्या राहून, हातात झाडू – म्हणाल्या होत्या, "मग या घरात आवाज कुणाचा असायचा?"

त्यानंतर आकाराम त्यावर कधी काही बोलले नाहीत. आणि बांबू घरात आला तो… तो त्याच थंडीत आला. आला की. आधीची थंडी नव्हे, पुढची नव्हे. उन्हाळ्यात आला असता तर नाद म्हणता आलं असतं. जो नाद शिकायला माणूस माशाला भूक नसते तेव्हा जातो, तो कसला नाद?

म्हणजे मी घालवलं त्यांना. माझ्या पोरांनी – माझ्या म्हणते अजून – त्यांना त्यांच्या घरातून उठवून इथं या दगडावर आणून बसवलं.

"बाई? तुमी हितं?"

वरून म्हशी उतरत होत्या आणि त्यांच्या मागून कृष्णात. केस पांढरे व्हायला लागलेला, पण चालणं तेच, तिरकं. त्यांच्याच हाताखालचा. शाळेत पाढ्यांच्या तासाला दांडी मारून चिंचेवर चढून बसायचा.

"कृष्णात, म्हशी तिकडं खाली घे बाबा. पाणी ढवळतील."

"घेतो की." त्यानं म्हशींना हाळी दिली आणि स्वतः तिथंच उकिडवा बसला. "काका बरं हाईत न्हवं? त्यांच्या जाग्यावर दुसरं कोण बसलेलं बघितलं, तवा मला धस्स झालं."

"हीच त्यांची जागा का?"

"हीच की. ह्योच दगड. थंडीत मी मोटर सुरू कराय यायचो पहाटे, तवा हितंच. शेकोटी करायचो आमी कवा कवा." तो हसला. "गळ आणायचं, पण टाकायचं न्हाईत बगा. बांबू असा शेजारी ठेवलेला. मी म्हणायचो, काका, आज काडू विसरला व्हय? तर म्हणायचं, आज मासं सुट्टीवर हाईत."

"मग काय करायचे?"

"कायसुदिक न्हाई. बसायचं." कृष्णातनं पाचटाची एक काडी तोडून दातांत धरली. "आणि तुमचं पाढं थांबलं की उठायचं."

"काय थांबलं की?"

"पाढं. पोरांचं. ऊस तुटला की वरचं समदं हितं ऐकू येतंय की बाई. आडवं काय ऱ्हात न्हाई मधी. पाढं बंद झालं की काका म्हणायचं, चला, शाळा सुटली. आणि चालाय लागायचं." तो उठला, कारण एक म्हैस पलीकडे निघाली होती. "मला अजून येत न्हाई बगा तेराचा पाढा. हितं बसून ऐकून ऐकून अर्धा पाठ झाला, शाळेत न्हाई झाला त्यो."

तो गेला. म्हशींच्या खुरांचा चिखलातला आवाज लांब गेला, आणि मग काहीच उरलं नाही.

पाढे थांबले की उठायचे. शालनबाईंनी ते वाक्य हातात घेतलं आणि त्याला कुठून धरावं ते कळेना. पोरं गेली, आता घरी जायला हरकत नाही, असं म्हणून उठणारा माणूस, तोही पाढे थांबले की उठतो. आणि शेवटपर्यंत ऐकून मग उठणारा माणूस, तोही तेव्हाच उठतो. लांबून दोघं सारखेच दिसतात. कृष्णातला काय दिसणार त्यात? पाठमोरा माणूस, मफलर, दगड.

गेल्या थंडीत – जेवताना, भाकरी मोडता मोडता – आकाराम म्हणाले होते, "त्या तेजस्वीचं सहाला अडतंय काय गं, तेराच्या?" त्या म्हणाल्या होत्या, अडतंय हो, अठ्ठ्याहत्तर म्हणायला जीभच वळत नाही तिची. आणि पुढं बोलणं भलतीकडे गेलं होतं. तुम्हाला कसं कळलं, असं त्यांनी विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं. घरात नसलेल्या माणसाला कसं कळलं? … पण आवाजाला कंटाळून पळालेल्या माणसाच्या कानावरही आवाज पडतोच. पळाला, आणि आवाज मागोमाग उतरून आला उघड्या रानातून, तर तो काय कान कापून ठेवणार होता? नावानिशी लक्षात राहिलं, म्हणजे आवडीनं ऐकलं असं थोडंच? लेथचा आवाजही त्यांच्या लक्षात आहेच की. कुठला पट्टा सैल आहे ते अजून सांगतात.

आणि हा ऊस. तुटला का गं, तुटला का गं… काल संध्याकाळी सांगितलं तुटला म्हणून. तर म्हणाले, उद्या जा मग नदीला.

दिवाळीपासून मी घर शांत ठेवलंय त्यांच्यासाठी. चप्पल वाजू देत नाही. पोरं रस्त्यात भेटतात, बाई कधी येऊ विचारतात, आणि मी ओठावर बोट ठेवते. त्या शांततेत ते भाकरी सरकवतात. अर्धा तुकडा काडू लावावा तसं मी वाटीत थोडंसंच वाढून बघते, आणि हे तोंड फिरवतात…

पदराच्या गाठीशी फोन वाजला. त्यांनी गळ गुडघ्यात धरून तो कानाला लावला.

"घावलं काय?"

"अजून नाही."

"ऊन कुठं आलंय?"

"खडकावर."

"मग आता येईल. हातभर काठाकडं घे. हळू घे. पाणी वाजवू नगंस."

त्यांनी घेतलं. काडी आडवी झाली, सरकली, पुन्हा उभी राहिली. आकाराम फोनवर श्वास घेत होते. जणू तेही काडी उभी राहायची वाट बघत होते.

"अहो."

"काय?"

सगळं तिथं होतं, जिभेच्या टोकाशी. ओढलं असतं तर आलं असतं, किंवा तुटून गेलं असतं. शालनबाईंना फक्त एवढंच म्हणता आलं –

"इथनं आपलं घर दिसत नाही हो."

पलीकडे वॉकरचा पाय फरशीवर घासला.

"दिसत न्हाई," आकाराम म्हणाले. "ऐकू येतंय."

आणि लगेच, नेहमीच्या आवाजात, "काडीकडं बघ तू. बोलत बसू नगंस." फोन बंद झाला.

ऐकू येतंय. त्यांनी ते मनात म्हणून बघितलं, तक्रारीसारखं. मग नुसतं सांगितल्यासारखं. मग भिंतीकडे तोंड करून पडलेल्या माणसानं म्हणावं तसं. तिन्ही वेळा ते खरं वाटलं. आकारामांचा आवाज नेमका कसा होता, ते आत्ताच आठवेनासं झालं होतं. फक्त 'येतंय' राहिलं होतं, येत होतं नव्हे.

त्यांनी मान वळवली. उघडं रान चढत गेलेलं, पाचट उन्हात पांढरं पडलेलं, आणि वर चिंचेच्या आड कुठंतरी घर. तिकडून काहीही येत नव्हतं. इतकं काहीही नाही, की ते ऐकू येत होतं. माझं घर इथून असं वाजतं, त्यांना वाटलं. मी ते आजवर कधी बाहेरून ऐकलं नाही. उद्या पोरांना बोलवावं का? की तसं केलं तर आजारी माणसाला, ज्याला आता उठून नदीवरही जाता येत नाही, त्या आवाजात कोंडून घातल्यासारखं… विचार आला आणि खाली गेला. त्यांनी त्याला जाऊ दिलं. खोलात बसू दिलं.

मग, कुणी ऐकत नाही हे बघून, शालनबाई हळू आवाजात म्हणायला लागल्या. पोरांसाठी म्हणतात तसं नाही, प्रत्येक आकडा ठोकून बसवत नाही. पाण्यावर तो कसा पडतो, हे बघण्यापुरतं.

तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. तेरा त्रिक एकोणचाळीस…

आवाज काठाला लागून परत येत होता, थोडा गार होऊन, थोडा दुसऱ्याच कुणाचा होऊन. तेरा चोक बावन्न. तेरा पंचे पासष्ट. तेरा सक –

त्या थांबल्या. काडी कलली होती. तिळभर. लाल ठिपका उभ्या रेषेतून जरासा सुटला होता आणि तसाच राहिला होता. खाली कुणीतरी नुसतं तोंड लावून बघत होतं. उत्तर ओठावर आलं होतं. शालनबाईंनी बांबूवरची बोटं सैल केली, आणि आयुष्यभर पोरांसमोर बसल्या तशाच, कान देऊन, गप्प बसून राहिल्या.